चित्र बिघडवण्याचं काम

ताईची मुलगी पुण्याला असते आणि रिकामा वेळ मिळाला की फोनवर जुनं काहीबाही उकरत बसते. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरून ती मला म्हणाली, "मावशी, नानाआजोबांच्या पहिल्या सिनेमाचं चित्र खराब आहे, ते समजू शकते मी. पण दुसऱ्याचं पहिल्यापेक्षाही घाण कसं?" कुणा भल्या माणसानं दोन्ही सिनेमे नेटवर चढवून ठेवलेत म्हणे. तिनं मला खालचे शेरेही वाचून दाखवले. एकानं विचारलं होतं, चित्र ताकात बुडवून काढलंय का. दुसऱ्याला आवाज विहिरीतून येत होता. तिसऱ्याची तक्रार अशी की, मुडद्यांचा विनोदी सिनेमा आहे हे मान्य, पण त्यातली बाई बाप्याच्या आवाजात का बोलते? मी आपली चकली मोडत म्हणाले, "तेव्हा मशीनच तसल्या होत्या बाई." ताई समोरच होती. ती शेवेचा डबा आणायला आत गेली. तिला ही गोष्ट सांगायला आवडत नाही, आणि ती समोर असताना मलाही सांगवत नाही. खरं म्हणजे मशीन चांगली होती. इतकी चांगली, की तिच्यापायी आमच्या घरात दोन वेळा चूल पेटायची राहिली.

तेव्हा आम्ही धुळ्यात राहायचो, पांझरा नदीच्या अलीकडे, एकामागे एक अशा चार खोल्यांच्या घरात. भाऊ म्हणजे आमचे वडील. सरकारी कचेरीत होते आणि घरातही कचेरीतच असल्यासारखे वागायचे. आई दिवसभर शेजारणींशी अहिराणीत बोलायची आणि भाऊ आले की घाईघाईनं शुद्धावर यायची. ताई माझ्याहून मोठी, बी.ए. होऊन घरी बसलेली, म्हणजे त्या काळच्या भाषेत लग्नाची. आणि पुढच्या खोलीत नाना, भाऊंचा धाकटा भाऊ. नानानं लग्न केलं नव्हतं, पण खान्देशातल्या निम्म्या लग्नांना तो हजर असायचा, कारण तो व्हिडिओ शूटिंग करायचा. त्यामुळे आमच्या घरात बारा महिने लग्नं चालू असत. सकाळी दात घासताना कुणाची तरी हळद, दुपारी भरीत-भाकरी खाताना कुणाची तरी वरात, आणि संध्याकाळी भाऊ घरी यायच्या वेळेस नेमकी कुठल्या तरी मुलीची पाठवणी. ते रडणं ऐकत भाऊ चपला काढायचे. बँडची तीच चार गाणी, कॅसेट मागे फिरवतानाचा तो किरकिर आवाज, मागच्या अंगणात आईचा पाटा, आणि गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेले असले की कावळे हाकलायला मी. या सगळ्याला आम्ही शांतता म्हणायचो. आजही माझ्या घरात फार गप्प गप्प झालं की मला उगाच काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं.

नानाला सिनेमा काढायचा होता. लग्नं काढणाऱ्या प्रत्येकाला असतो तसा हा रोग त्यालाही होता, पण त्याचा वेगळा आणि जास्त झालेला. परदेशातले मुडदे उठून माणसं खातात असा कुठलासा सिनेमा त्यानं बघितला आणि घरी येऊन म्हणाला, "वहिनी, त्यास्ना मुडदा उगाच हिंडतस. आपला मुडदा हिंडना ते कारन पायजे." मग त्यानं कारण काढलं. एका गावच्या कंजूष सरपंचानं आपल्या भाऊबंदांच्या तेराव्याचं जेवण नीट घातलं नाही, म्हणून ते सगळे उठतात आणि त्याच्या मुलाच्या लग्नाच्या पंगतीत येऊन बसतात. भरीत संपलं, बट्टी संपली, वरण संपलं की मग ते वाढप्यांकडे बघायला लागतात. नाव ठेवलं ‘मुडदास्नी वरात’. मुडद्यांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून आमची गल्लीच मुडदा झाली. तोंडाला तांदळाचं पीठ, डोळ्यांखाली काजळ, की झाला मुडदा. जळगावचे एक शेठजी, ज्यांचं कॅसेटचं दुकान होतं आणि जे हा सिनेमा विकणार होते, त्यांच्या घरच्या शेठाणीबाईंनाही हौस आली. त्यांनी मुडदा व्हायचं कबूल केलं, पण पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढूनच. घुंगटवाला मुडदा मी तरी दुसरीकडे बघितला नाही. नानाची लग्नातली सवयही जाईना. कॅमेरा समोर आला की तो आपसूक म्हणायचा, "हं, इकडे बघा, हसा जरा." आणि सगळे मुडदे केस सारखे करून हसायचे.

तो सिनेमा चालला. केबलवाल्यांनी लावला, लग्नघरांतून कॅसेटी फिरल्या. आणि इथे चित्राचा विषय येतो. नानाचा कॅमेरा म्हातारा होता, दिवे लग्नातले, आणि जी कॅसेट लोकांपर्यंत पोचली ती कॉपीवरून केलेल्या कॉपीची कॉपी. रंग एकमेकांत कालवलेले, तोंडांचं पिठलं झालेलं. आमच्याच गल्लीतल्या लोकांना स्वतःला शोधायला बोट लावून सांगावं लागायचं. आईला अखेरपर्यंत पटलं नाही की तो तिसरा मुडदा ती आहे. पण त्याचा एक फायदा झाला, जो तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. लोकांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरली, की नानाच्या सिनेमात काम केलं तरी कुणी ओळखत नाही. चारचौघांतल्या बायका, ज्यांनी एरवी नाटकाच्या मंडपात पुढच्या रांगेत बसायलाही नको म्हटलं असतं, त्या मुडदा व्हायला आनंदानं यायच्या. घरच्या घरी नाचून घ्यावं आणि दार लावलेलं असावं, तशी ती मजा होती.

म्हणून नानानं दुसरा भाग काढायचा ठरवला तेव्हा भाऊंनीसुद्धा हरकत घेतली नाही. दुसऱ्या भागाचं नाव ‘मुडदास्नी आखाजी’. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घागर भरून पितरांना जेवायलाही घालतात. नानाचं डोकं या दोन गोष्टींच्या मधे जाऊन बसलं. गावातल्या मेलेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात. पितर म्हणून आल्या तर घागर पुढे करून वाटेला लावता येईल, पण त्या म्हणतात आम्ही लेकी म्हणून आलोय, आठ दिवस राहणार, झोका बांधा, मांडे करा. लेकीला परत जा म्हणायची तर कुणाची छाती होत नाही. मुख्य लेक व्हायला कोण पाहिजे, याचा विचार करायची नानाला गरजच पडली नाही. ताई वाढायला आत आली होती. तिच्या हातात आमटीचं पातेलं होतं. नानानं तिला मेलेली लेक दाराशी येऊन म्हणते ते वाक्य सांगितलं आणि तिनं पातेलं खाली ठेवून म्हणून दाखवलं. "माय, दार उघाड! मरी गऊ म्हनीसन काय मन्हं माहेर तुटनं?" आम्ही हसलो आणि हसता हसता आई रडायला लागली. मग आई स्वतःवरच चिडली आणि आमटी गार होतेय म्हणून आमच्यावर खेकसली.

शूटिंगचे ते दिवस मी विसरूच शकत नाही. ऊन असं की अंगणात पाय ठेवला की भाजावा, आणि त्यात चिंचेला बांधलेल्या झोक्यावर पांढरं पीठ फासलेली ताई, वर वर जात, मान एका बाजूला टाकून गाणं म्हणणारी. घाम आला की पीठ ओघळायचं आणि मी फळीवर चढून पुन्हा लावायची. मेंदू म्हणून कुरडयांचा चीक वापरला, बीट किसून लाल केलेला. आईनं तीन दिवस गहू भिजवून काढलेला तो चीक होता. "मन्ह्या कुरडया गया मुडदास्ना पोटमा," असं ती येईल त्याला सांगायची. पण झोक्याच्या दृश्याला तीच पहिली येऊन बसायची. ताई त्या दिवसांत वेगळीच दिसायची. एरवी कुणी बघायला आलं की ती मान खाली घालून बसायची आणि दोन ठिकाणांहून नकार आल्यावर तर तिची मान खाली घालायची सवयच झाली होती. झोक्यावर तिची मान वर होती. तिचं हसूही मोठं, घसा फाडून हसल्यासारखं, मधेच नाकात सूर जाणारं. नाना कॅमेऱ्यामागून ओरडायचा, "आजून हस! पार शिरपूरपर्यंत गया पायजे!"

कॅमेरा मात्र या वेळेला दुसरा होता. नानानं जुना विकून आणि वर भर घालून नवा घेतला होता, तळहाताएवढ्या कॅसेटचा. त्याला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. आम्हाला वाटलं, कॅमेरा काय, सगळे सारखेच.

शूटिंग संपलं आणि त्याच आठवड्यात शिंदखेड्याचं स्थळ आलं. मुलगा पाटबंधाऱ्याच्या कामावर, बोलायला मऊ. त्याचे वडील निवृत्त मुख्याध्यापक, बसले तरी ताठ. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, आणि मी दाराआडून बघत होते म्हणून सांगते, तिनं मान खाली घातली खरी पण मुलाकडे एकदा नीट बघितलं. त्यानंही बघितलं. सगळं जमल्यासारखं होतं. तेवढ्यात मुख्याध्यापक भाऊंना म्हणाले, "तुमचे बंधू सिनेमे काढतात म्हणे. हरकत नाही, ज्याची त्याची आवड. आमच्या आईला तर त्यांचा तो पहिला सिनेमा फार आवडतो. पण घरची मुलगी त्यात नाही ना? आमच्याकडे ते चालायचं नाही." भाऊ जन्मात खोटं बोलले नसतील. पण त्या क्षणी ते हसून म्हणाले, "छे छे! ती कशाला!" ताईनं ट्रेमधल्या बश्या उगाच सारख्या केल्या. नाना दारात उभा होता, तो तसाच मागच्या मागे अंगणात गेला. भाऊंना वाटलं, सिनेमात ओळखू कुठे येतं कुणी? खोटं तरी कसलं त्यात?

चारेक दिवसांनी नानानं टीव्हीला नव्या कॅमेऱ्याची वायर जोडली आणि सगळ्यांना बोलावलं. चित्र सुरू झालं. चिंचेचं पान न् पान दिसत होतं. झोक्याच्या दोराचे सुटलेले धागे दिसत होते. शेजारच्या सिंधूकाकूंचा सोन्याचा दात, आमच्या भिंतीची ओल, आईच्या पोलक्याचा तुटलेला हुक, सगळं जिथल्या तिथे. शेठाणीबाईंचा घुंगट पातळ होता हे त्या दिवशी कळलं. आणि मग ताई आली. पिठाच्या आतून तिचा सावळा रंग, हनुवटीवरचा तीळ, हसताना डावीकडे वर जाणारा ओठ. आवाज तर असा, की ती टीव्हीतून बोलतेय की माझ्या शेजारी बसून, ते कळू नये. "माय, दार उघाड." मी आजवर सिनेमे पुष्कळ बघितले, मोठमोठ्या पडद्यांवर बघितले, पण माझ्या बहिणीचं तोंड मी तितकं स्वच्छ कधी बघितलं नाही. पाटाला पाट लावून जेवताना आपण कुठे एकमेकांकडे बघतो? नानाचे डोळे भरले होते. तो एवढंच म्हणाला, "दखा. हाई आपली पोरगी."

भाऊ उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

पुढचे दोन दिवस घरात जे झालं ते भांडण म्हणावं तर कुणी आवाज चढवला नाही. भाऊ म्हणाले, हा सिनेमा बाहेर पडणार नाही. नाना म्हणाला, शेठजींना शब्द दिलाय, आणि शब्दाचं सोड दादा, आयुष्यात एक गोष्ट धड केलीय मी. भाऊ म्हणाले, त्या एका गोष्टीपायी माझ्या मुलीचं लग्न मोडायचं का? आई स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली, तेव्हाच ती चूल पेटायची राहिली. आम्ही बिबडे कच्चेच खाल्ले. ताईला कुणी काही विचारलं नाही. तिनं मला मात्र गच्चीवर सांगितलं, "बेबी, मला दोन्ही पाहिजे गं." तो मुलगा तिला आवडला होता आणि ते झोक्यावरचं तोंडही तिला आवडलं होतं. यातलं एक मागावं आणि दुसरं सोडावं, असं तिला का करायला लागावं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आता केस पिकल्यावरही कळत नाही.

तोडगा नानानंच काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बाजेवर बसून दाढी करता करता सांगितलं, "चित्र बिघाडी देऊत." ज्या माणसानं लग्नात नवरदेवाचं नाक जरा पुसट आलं तर हार पुन्हा घालायला लावले, तो हे म्हणत होता. पहिल्या सिनेमात कॉपीची कॉपी होऊन तोंडं गेली होती, ती आपोआप गेली होती. आता ती मुद्दाम घालवायची. नव्या कॅसेटवरून जुन्या मोठ्या कॅसेटवर, तिच्यावरून दुसरीवर, असं करत राहायचं, आणि ओळखू येईनासं झालं की त्याची सीडी करायची. मशीनचं हेड स्पिरिटनं पुसायचं नाही. कॅसेट घ्यायची ती दहा लग्नं होऊन गेलेली. नानानं दोन मशिनी शेजारी ठेवल्या, वायरी जोडल्या आणि कामाला लागला. त्यातही त्याचं कसब दिसायचं, कारण बिघडवतानासुद्धा तो चिंचेची पानं जितकी वाचतील तितकी वाचवायला बघत होता.

आवाजाचं काम त्याहून अवघड. ताईचा आवाज काढून दुसरा घालायचा होता, आणि भरवशाची दुसरी बाई कुठून आणणार? शेवटी नाना म्हणाला, मीच बोलतो. मागच्या खोलीत भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या, खिडकीत उशा कोंबल्या, पंखा बंद केला. त्या मे महिन्यात, त्या गोधड्यांच्या भट्टीत, उघड्या अंगाचा नाना माईकसमोर बसून बायकी आवाजात "माय, दार उघाड" म्हणायचा. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची. मधेच सिंधूकाकूंच्या कुकरची शिट्टी व्हायची, ती तशीच राहिली, अजूनही सिनेमात आहे. आणि नानाला बोलायला शिकवायला कोण? ताई. ती शेजारी मांडी घालून बसायची आणि सांगायची, "नाना, ‘तुटनं’वर थांबायचं. लगेच नाही हसायचं. आधी वाट बघायची कुणी दार उघडतंय का." नाना पुन्हा म्हणायचा. ती पुन्हा सांगायची. स्वतःचा आवाज काढून टाकायला ती इतकी मन लावून मदत करत होती, की बघून मलाच कसंतरी व्हायचं.

दर कॉपीनंतर परीक्षा असायची. परीक्षक भाऊ. ते चष्मा पुसून टीव्हीसमोर पाटावर बसायचे, कचेरीत फाईल तपासावी तसे. "अजून ओळखू येते," म्हणायचे आणि उठायचे. घरच्यांच्या डोळ्यांवर भरवसा नको म्हणून मग सिंधूकाकूंना बोलावलं. तीळ गेला होता, ओठ गेला होता, आवाज नानाचा होता. काकूंनी पदरानं घाम पुसत एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "हाई ते आपली विद्या शे! झोक्यावर मान कशी टाकस दखा ना." विद्या म्हणजे ताई. नाना मुकाट्यानं पुन्हा वायरी जोडायला गेला. पुढची कॉपी, पुन्हा काकू. मग आणखी एक. लाल रंग पदरातून निघून आभाळात पसरला, झोका कुठे संपतो नि झाड कुठे सुरू होतं ते कळेना. शेवटी एके दुपारी काकूंनी डोळे बारीक केले, पुढे झाल्या, मागे झाल्या आणि म्हणाल्या, "कोन शे माय जाने! बाई शे का खांब?" भाऊंनी मांडीवर थाप मारली. "जमलं!" आई हसली, काकू हसल्या, मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, इतके दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मग बघते तर ताई दारात उभी होती, परातीत पीठ घेऊन. ती टीव्हीकडे बघत होती. "छान," ती म्हणाली, "मलासुद्धा नाही ओळखू येत." आणि भाकरी थापायला निघून गेली. त्या दिवशी तिच्या भाकरी नेहमीसारख्याच गोल झाल्या आणि कुणालाही गोड लागल्या नाहीत.

भाऊंना तेवढ्यानंही चैन पडेना. मूळ कॅसेट राहिली तर कधी ना कधी बाहेर येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. नानानं कुरकुर केली नाही. पाचोऱ्याला एक लग्न होतं, तिथे तो त्याच छोट्या कॅसेटी घेऊन गेला आणि झोक्याच्या शूटिंगवरच ते लग्न भरून आला.

सिनेमा श्रावणात आला. शेठजी खूश होते, त्यांच्या घरातही घुंगटाची काळजी मिटली होती. आणि त्याच सुमारास शिंदखेड्याहून निरोप आला, की मुलाच्या आजीला, अक्कांना, पायानं चालवत नाही. त्यांनी मुलगी बघितल्याशिवाय सुपारी फुटायची नाही, तर मुलीला घेऊन या. आम्ही सगळे एसटीनं गेलो. अक्का बैठकीच्या खोलीत दिवाणावर बसलेल्या होत्या, लहानशा, पांढऱ्या केसांचा बारका अंबाडा. त्यांनी ताईला जवळ बसवलं, तोंड कुरवाळलं, बरं वाटलं त्यांना. मग नानाकडे वळून म्हणाल्या, "तू का तो मुडदासवाला? तुन्हा दुसरा भाग आनी ठेयेल शे ह्या पोऱ्यानी. लाव रे." म्हणजे जावईबापूंनी धुळ्याच्या स्टँडवरून सीडी आणून ठेवली होती, आजीची आवड म्हणून. भाऊ म्हणाले, "कशाला आता, सुपारीची वेळ..." पण अक्कांपुढे मुख्याध्यापकही ब्र काढत नसत, तिथे भाऊ कोण?

सिनेमा सुरू झाला. अक्का डोळे बारीक करून बघत राहिल्या. त्यांना मजा वाटत नव्हती. "काय रे, पानी पडनं का यावर? काईच दिसत नही," त्या म्हणाल्या. नाना खाली मान घालून बसला होता. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. झोक्याचं दृश्य आलं आणि तो घोगरा बायकी आवाज खोलीभर झाला. घरातल्या सुनांपैकी कुणीतरी खुसकन हसलं. अक्का मात्र वैतागल्या. "हाऊ ते बाप्याना आवाज शे. ते पोरगीले बोलता येत नही व्हतं का?"

"येत व्हतं," ताई म्हणाली.

मला वाटलं मी चुकून ऐकलं. पण ती उठली होती. पडद्यावरची ती लाल-पांढरी आकृती दाराशी आली, आणि तिचे ओठ कुठे आहेत हे जगात एकट्या ताईलाच माहीत होतं, त्या ओठांवर बरोबर ताईनं आपला आवाज ठेवला. "माय, दार उघाड! मरी गऊ म्हनीसन काय मन्हं माहेर तुटनं?" ती थांबली. वाट बघितली. आणि मग हसली, ते मोठं, नाकात सूर जाणारं हसू, शिंदखेड्याच्या त्या बैठकीत, होणाऱ्या सासऱ्यांच्या समोर. भाऊंनी डोळे मिटून घेतले. मुलगा ताईकडे बघत होता आणि त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं.

"तूच शे का वं ती?" अक्कांनी विचारलं.

"मीच."

मुख्याध्यापक भाऊंकडे वळले. "तुम्ही नाही म्हणाला होतात." भाऊ मिटल्या डोळ्यांनीच चष्मा काढून पुसायला लागले. तेवढ्यात अक्काच बोलल्या, पण मुख्याध्यापकांशी नाही, भाऊंशी. "मंग तुम्हीन पोरगीनं तोंड कसाले झाकं?" मग त्यांनी नानाला विचारलं, "चांगलं चित्र नही का यानं? साफ दिसंल आसं?" नाना म्हणाला, "व्हतं अक्का. गयं ते. त्यावर पाचोऱ्यानं लगीन भरं मी." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नाना रडला, पाहुण्यांच्या घरी, हातात चहाची बशी धरून.

मुख्याध्यापक उठले. आता ते आम्हाला दार दाखवणार, असं मला वाटलं आणि मी ताईचा हात धरला. ते टीव्हीजवळ गेले आणि त्यांनी तो बंद केला. "काही दिसत नाही त्यात," ते म्हणाले आणि परत आपल्या जागेवर येऊन बसले, तसेच ताठ. अक्कांनी पाय आवरून घेतले, दिवाणाची कड मोकळी केली आणि ताईला म्हणाल्या, "चाल, तू करी दखाड. बठ्ठं." बठ्ठं म्हणजे सगळं.

ताईनं माझा हात सोडवला. दिवाणाच्या कडेवर बसून तिनं दोन्ही हातांनी नसलेले दोर धरले, मान एका बाजूला टाकली आणि झोका घ्यायला लागली. पीठ नव्हतं, काजळ नव्हतं. खिडकीतून श्रावणातलं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं आणि हनुवटीवरचा तीळ मला समोरच्या भिंतीपासून दिसत होता. गाणं झालं, दार ठोठावणं झालं, मांड्यांचा हट्ट झाला. अक्का हसता हसता पदर डोळ्यांना लावत होत्या आणि मुख्याध्यापक हसू नये म्हणून मिशीवर हात धरून बसले होते. भाऊंनी डोळे उघडले होते. मी नानाकडे बघितलं. त्याचा उजवा हात आपोआप खांद्याशी गेला होता आणि तिथेच राहिला होता. पाहुण्यांकडे शोभत नाही म्हणून भाऊंनी त्याला कॅमेरा घरी ठेवायला लावला होता.